५४ कार्डांतलं एक

त्या दिवशी माझ्या टेबलावर कन्फर्मेशनच्या, म्हणजे प्रोबेशन संपलेल्यांना कायम करायचं की नाही याच्या, पाच फाइली होत्या. चार अर्ध्या तासात हातावेगळ्या झाल्या. पाचव्या फाइलीत विभागप्रमुखांनी शेऱ्याच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: "काम चांगलं. फिट बसत नाही."

मी अकरा वर्षं एचआरमध्ये आहे. बाहेरच्यांना वाटतं, प्रोबेशनवरचा माणूस जातो तो काम जमत नाही म्हणून. माझ्या अनुभवात तसं कमी वेळा होतं. काम न जमणाऱ्याला आम्ही शिकवतो, दुसऱ्या विभागात हलवतो, मुदत वाढवून देतो. गैरहजेरी म्हटलं तर हजेरीपट जोडावा लागतो, चुका म्हटलं तर चुकांची यादी. "फिट बसत नाही" या शेऱ्याला मात्र पुरावा लागत नाही. म्हणून तो इतका चालतो, आणि म्हणूनच मला तो सहन होत नाही.

फाइल ज्याची होती तो तक्रार निवारणात होता. ग्राहकाची तक्रार आली की टिकिट उघडतं, उत्तर गेलं की क्लोज होतं. विभागप्रमुखांच्या पडद्यावर रोज संध्याकाळी दिसतो तो आकडा म्हणजे कोणी किती टिकिटं क्लोज केली. याचा आकडा इतरांच्या जेमतेम निम्मा. पण तेच टिकिट रीओपन किती वेळा झालं, हा रकाना त्या पडद्यावर नाहीच. मी आयटीकडून सहा महिन्यांची यादी मागवली. इतरांची टिकिटं सर्रास परत येत होती, काही तर तीन-तीनदा. याची सहा महिन्यांत दोन.

मग मी त्याची उत्तरं वाचायला बसले. एका ग्राहकाचं यंत्र मध्येच बंद पडत होतं. इतरांनी अशा तक्रारीला ठरलेला मजकूर चिकटवून पाठवला होता: बंद करा, चालू करा, तरीही अडचण आली तर संपर्क साधा. याने आधी तीन प्रश्न विचारले होते. मग हाताने आकृती काढून, भागांना क्रमांक देऊन, कुठला स्क्रू आधी सैल करायचा हे लिहिलं होतं. शेवटी एक ओळ: "एवढं करूनही बंद पडलं तर दोष आमच्याकडचा आहे, मला थेट कळवा." विभागप्रमुखांचा खरा राग त्या ओळीवर होता. "कंपनीचा दोष आपण लिहून का द्यायचा, मॅडम?" हे त्यांनी मला दोनदा विचारलं. त्यांच्या बाकी तक्रारी म्हणजे तो बैठकीत फार प्रश्न विचारतो, सुटल्यावर कुणाबरोबर थांबत नाही, आणि ग्रुपवरच्या शुभेच्छांना उत्तर देत नाही.

माझ्याकडे एक साधन आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. १९९१ साली चार्ल्स ओ'रायली, जेनिफर चॅटमन आणि डेव्हिड कॉल्डवेल या संशोधकांनी माणूस आणि संस्था यांची मूल्यं एकमेकांशी किती जुळतात हे मोजायची एक पद्धत मांडली. ५४ कार्डं, प्रत्येकावर एक गोष्ट: तपशिलाकडे लक्ष, जोखीम पत्करणं, न्यायाने वागणं, नोकरीची शाश्वती, जास्त तास काम. ही कार्डं नऊ ढिगांत लावायची, सर्वांत महत्त्वाचं ते सर्वांत नकोसं अशी. मेख अशी की ढिगांत किती कार्डं ठेवायची ते ठरलेलं आहे: २, ४, ६, ९, १२, ९, ६, ४, २. त्यामुळे "मला सगळंच महत्त्वाचं" असं म्हणायची सोयच राहत नाही. माणूस स्वतःला काय हवं तशी कार्डं लावतो. संस्था ओळखणारे लोक संस्था कशी आहे तशी लावतात. मग दोन्ही मांडण्या ताडून बघायच्या. त्यांच्या अभ्यासात जुळणी चांगली असलेली माणसं वर्षभराने जास्त समाधानी होती, आणि कोण टिकणार, कोण जाणार याचा अंदाज दोन वर्षांनंतरही त्यावरून लागत होता.

ती ५४ कार्डं मी स्वतः मराठीत केली. त्यातल्या एका कार्डाने मला महिनाभर छळलं. आधी मी लिहिलं 'जुळवून घेणं', पण त्यात तक्रारीचा सूर येतो. मग 'सामावून जाणं' केलं, तर ते फार मोठं वाटायला लागलं. शेवटी 'सगळ्यांत मिसळून जाणं' ठेवलं. म्हणजे बघा, ज्याला आपण ढोबळपणे फिट म्हणतो ते या ५४ मधलं एक कार्ड आहे. उरलेल्या ५३ पैकी बहुतेक गोष्टींत माणूस संस्थेशी तंतोतंत जुळलेला असू शकतो आणि या एकात नाही. शेरा लिहिताना विभागप्रमुखांच्या मनात ते एकच कार्ड होतं, अशी माझी खात्री आहे.

लोक कार्डं लावत असताना मी बघत बसते. मधल्या बारांच्या ढिगात ती पटापट पडतात. पहिल्या दोनांसाठी ओढाताण होते. आणि शेवटच्या दोनांपाशी हात थबकतो, कारण हे मला नको असं लेखी सांगायचं असतं.

त्याचा हात थबकला नाही. पहिल्या दोनांत त्याने 'तपशिलाकडे लक्ष' आणि 'न्यायाने वागणं' ठेवलं, शेवटच्या दोनांत 'आक्रमकपणा' आणि 'सगळ्यांत मिसळून जाणं'. पस्तीस मिनिटं लागली. मी पेन्सिलने मांडणी टिपून घेतली आणि तो हात मागे घेऊन बसला. मग म्हणाला, "मॅडम, हे कोण बघणार?"

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, कन्फर्मेशनच्या बैठकीत मी मांडणार आहे.

तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग त्याने 'सगळ्यांत मिसळून जाणं' हे कार्ड उचललं आणि वर तिसऱ्या ढिगात ठेवलं. आता त्या ढिगात सात झाली आणि शेवटच्या ढिगात एकच उरलं. संख्या जुळवायला तिसऱ्यातलं एक खाली जाणं भाग होतं. त्याने सहाही कार्डं पुन्हा वाचली. 'थांबून विचार करणं' हे कार्ड होतं, ते त्याने शेवटच्या ढिगात ठेवलं आणि अंगठ्याने कडा सारख्या केल्या. म्हणाला, "हे ठेवा." मी पेन्सिलच्या खुणांवर पेनाने नवी मांडणी लिहिली.

दुपारी विभागप्रमुखांनी विभाग कसा आहे याची कार्डं लावली. त्यांच्या पहिल्या दोनांत 'निकालावर भर' आणि 'गुणवत्तेवर भर' होतं. लगेच खालच्या ढिगात 'सगळ्यांत मिसळून जाणं'. मग त्याच विभागातल्या पाच जणांना मी एकेकटं बसवलं. पाचांपैकी एकानेही 'गुणवत्तेवर भर' वरच्या तीन ढिगांत ठेवलं नाही. चौघांच्या पहिल्या दोनांत 'जास्त तास काम' होतं. 'माहिती मोकळेपणाने देणं' दोघांनी थेट शेवटी टाकलं होतं. विभाग एक, मजला एक, आणि कागदावर दोन वेगवेगळ्या संस्था. मुलाखतीच्या दिवशी त्या मुलाला मीच सांगितलं होतं की आमच्याकडे गुणवत्तेला पहिलं स्थान आहे. म्हणजे तो आला होता विभागप्रमुखांच्या कागदावरच्या संस्थेत आणि रोज काम करत होता त्या पाच जणांच्या कागदावरच्या.

बैठकीत आम्ही तिघं होतो: आमचे एचआर प्रमुख, विभागप्रमुख आणि मी. मी रीओपनची यादी ठेवली. एमी क्रिस्टोफ-ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले होते, तेही सांगितले. संस्थेशी जुळणी आणि नोकरीतलं समाधान यांचा परस्परसंबंध ०.४४ (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण), संस्थेशी बांधिलकीचा ०.५१. कामगिरीशी मात्र अवघा ०.०७. माणूस खूश राहील का, संस्थेशी बांधलेला राहील का, हे फिटवरून बरंच कळतं. काम कसं करेल ते जवळपास कळत नाही. विभागप्रमुख म्हणाले, "ते पुस्तकात ठीक आहे." हे वाक्य मी अकरा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही, थकवा येतो. ते वाईट गृहस्थ नाहीत. माणसांना जपतात, अडीअडचणीला धावून जातात. पण आपल्यासारखा वागणारा तो चांगला आणि वेगळा वागणारा तो अवघड, यापलीकडे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. लॉरेन रिव्हेरा यांनी २०१२ साली अमेरिकेतल्या बँका, वकिली आणि सल्लागार कंपन्यांच्या भरतीवरच्या अभ्यासात हेच दाखवलं होतं. १२० मुलाखतींतून दिसलं की निवडणारे आपल्यासारखे छंद, आपल्यासारखी फुरसत असलेला माणूस शोधतात आणि त्याला फिट म्हणतात.

मग मी त्याच्या कार्डांचा कागद पुढे केला. पेनाने लिहिलेली मांडणी. विभागप्रमुखांच्या मांडणीशी ती बऱ्यापैकी जुळत होती. त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं तिसऱ्या ढिगावर. "बघा, म्हणजे त्याला कळतंय." पेन्सिलच्या खुणा पेनाखाली गेल्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल मी काही बोलले नाही. नियम माझ्या बाजूने होता: शेवटची मांडणी हेच उत्तर. पण खरी मांडणी कुठली हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ज्या साधनाचा मी अभिमान बाळगते ते मी एका माणसाची नोकरी टांगणीला लागलेली असताना त्याच्यापुढे ठेवलं होतं. तिथे कोण खरं उत्तर देईल? हे मला आधी सुचायला हवं होतं.

तो कन्फर्म झाला. त्या संध्याकाळी मला जिंकल्यासारखं वाटलं, हेही लिहायलाच हवं.

याला आता आठ महिने झाले. बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ साली मांडलं होतं की संस्थेकडे सारखी माणसं ओढली जातात, सारखीच निवडली जातात, न जुळणारी निघून जातात, आणि मग सगळी संस्था एकाच साच्याची होऊन बदलायची ताकद हरवते. मी सगळा जोर त्या तिसऱ्या पायरीवर लावला: त्याला जाऊ द्यायचं नाही. चौथी एक वाट असते, ती विसरले. माणूस राहतो आणि बदलतो. मोठ्या ऑडिट कंपन्यांत नव्याने लागलेल्यांवर चॅटमन यांनीच केलेला अभ्यास माझ्या कपाटात होता. संस्थेतल्या लोकांत जितकं मिसळाल तितकी मूल्यं जुळत जातात, हे त्यात आहे. प्रशिक्षणात मी ते चांगली बातमी म्हणून सांगत आले.

गेल्या महिन्यात रीओपनची यादी आली. ती आता मी दर महिन्याला मागवते, पडद्यावर तो रकाना मात्र अजून लागलेला नाही. यादीत त्याचं नाव चौदा वेळा होतं. मी त्याची उत्तरं उघडली. तीन-तीन ओळींची. बंद करा, चालू करा, तरीही अडचण आली तर संपर्क साधा. आकृती नाही, प्रश्न नाहीत. "दोष आमच्याकडचा आहे" ही ओळ मी शोधपट्टीत टाकून पाहिली. शेवटची सापडली ती पाच महिन्यांपूर्वीची.

क्लोज केलेल्या टिकिटांत तो विभागात दुसरा आहे. जिन्यात विभागप्रमुख भेटले. मनापासून खूश होते. "मॅडम, तुम्ही म्हणत होता ते खरं निघालं. आता बसला बघा पोरगा."

तो कागद मी काढून पाहिला. उजेडात तिरका धरला की पेन्सिल अजून दिसते. गुरुवारी त्याच्याबरोबर अर्धा तास ठरवला आहे. फाइल नाही, बैठक नाही, कुणाला दाखवायचं नाही. कार्डांची पेटी न्यावी की नेऊ नये, यावर मी कालपासून अडले आहे.