डार्विनच्या घरी, डाउन गावात

लंडनला याआधी दोनदा गेले होते पण डाउन हाऊस, म्हणजे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचं घर, दोन्ही वेळेला राहिलंच, म्हणून यावेळी एक अख्खा दिवस फक्त त्याच्यासाठी ठेवला. ब्रॉम्ली साऊथला ट्रेनमधून उतरून १४६ नंबरची बस, शेवटचा स्टॉप डाउन, मग अरुंद रस्त्याने थोडं चालायचं.

घर पांढरं, मोठं, पण राजवाड्यासारखं अजिबात नाही. बीगल जहाजावर पाच वर्षं जग फिरलेला माणूस १८४२ मध्ये बायको एमा आणि मुलांना घेऊन इथे आला आणि मग १८८२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, इथेच राहिला, परत कधी ब्रिटनबाहेर गेलाच नाही. स्टडीत त्याची चाकं लावलेली खुर्ची आहे, तिच्या हातांवर फळी आडवी टाकून तो लिहायचा. १८५९ चं ते जग हलवणारं उत्क्रांतीवरचं पुस्तक, ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’, इथेच लिहिलं, आणि त्याच्या हस्तलिखिताची जी थोडी पानं आज उरलीत ना, त्यातली काही तर मुलांनी पाठीमागे चित्रं काढली म्हणून जपली गेली!

पण मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ते एमाच्या पियानोपाशी. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला डार्विनने त्यांच्यासमोर शिट्टी वाजवली, मुलाकडून बॅसून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवून घेतलं, काही फरक नाही, मग कुंड्याच पियानोवर ठेवल्या आणि सूर वाजवला तर गांडुळं झटकन बिळात! म्हणजे आवाज नाही पण कंपनं कळतात. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हे आपण शाळेत घोकलं, पण ह्या माणसाने त्यांच्यावर कित्येक वर्षं घालवली आणि १८८१ मध्ये अख्खं पुस्तक काढलं, किती तो धीर.

लाडकी लेक अ‍ॅनी दहा वर्षांची असताना गेली, १८५१ मध्ये. तिची लिहिण्याची पेटी एमाने शेवटपर्यंत जपली. ते आठवून मला तिथे उभं राहवेना, बाहेर आले.

बागेमागे सँडवॉक, त्याची रोजची फेरीची वाट. किती फेऱ्या झाल्या ते मोजायला तो सुरुवातीला गारगोट्यांचा ढीग ठेवायचा आणि दर फेरीला एक लाथेने बाजूला करायचा. मीपण पाच फेऱ्या मारल्या, झाडांखाली एकदम शांत.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून गावातल्या चर्चमध्ये गेले. एमाला इथे पुरलंय, डार्विनच्या भावाला, इरॅस्मसलाही, पण डार्विन स्वतः लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत. मान मोठाच, पण त्याला इथेच राहायचं होतं, आणि मलाही तो इथेच हवा होता.