काट्यावरून गेलेले सव्वादोन किलो

माझ्या वडिलांना वयाच्या ६१व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता, आणि अशा घरातल्या मुलाने चाळिशीनंतर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्यायची असते हे मला ठाऊक असूनही मी ती ५२व्या वर्षापर्यंत टाळत आलो. शेवटी यंदा तारीख घेतली. त्याआधी सहा महिन्यांपूर्वी सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसल्यामुळे डॉक्टरांनी आठ किलो वजन उतरवायला सांगितले होते, आणि तेव्हापासून मी रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, बनियन आणि लेंग्यावर वजन करून ते एका छोट्या वहीत लिहीत होतो. म्हणून तपासणीच्या त्या चार-पाच दिवसांतही माझी वही चालूच राहिली.

तपासणी गुरुवारी सकाळी होती. सोमवारी वजन ८४.२ किलो भरले आणि त्याच दिवसापासून चोथा नसलेला आहार सुरू झाला. पालेभाज्या, कोशिंबिरी, मोड आलेली कडधान्ये, तीळ, शेंगदाणे, पेरू, टोमॅटोच्या बिया हे सारे बंद. भाकरीच्या जागी पांढरा मऊ भात, मैद्याचा ब्रेड, मुगाच्या डाळीचे गाळलेले वरण आणि थोडे दही. इतके दिवस कोंडा आणि चोथा वाढवण्याचा उपदेश ऐकलेल्या माणसाला ही तीन दिवसांची उलटी गंगा गमतीची वाटते. पोट भरून जेवूनही बुधवारी सकाळी काटा ८३.७ वर आला होता. मला आनंद झाला, पण चोथा कमी खाल्ला की मळ कमी होतो, तो पाणीही कमी धरून ठेवतो, एवढेच त्याचे कारण होते.

बुधवारी सकाळी हलका नाश्ता, आणि त्यानंतर फक्त आरपार दिसेल असे द्रव: नारळपाणी, गाळलेले डाळीचे पाणी, बिनदुधाचा चहा, लिंबू सरबत. लाल किंवा जांभळ्या रंगाचे काहीही प्यायचे नाही, कारण आतड्यात राहिलेला तो रंग दुर्बिणीतून रक्तासारखा दिसतो. त्यामुळे घरात केलेले कोकम सरबत मला निमूटपणे पाहत बसावे लागले. संध्याकाळी सहाला दोन लिटर पाण्यात विरघळवायच्या पावडरीचे काम सुरू झाले. अर्धे द्रावण रात्री आणि अर्धे पहाटे चार वाजता, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. चव लिंबाच्या वासाच्या कोमट मिठाच्या पाण्यासारखी होती. फ्रिजमध्ये गार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला सोडत प्यायल्यास ते घशाखाली उतरते. तिसऱ्या पेल्यानंतर मला थंडी वाजू लागली आणि मी जूनच्या उकाड्यात शाल घेऊन बसलो.

याच वेळी मी एक गोष्ट केली, जी कोणी सांगितली नव्हती. पहिला लिटर संपल्यावर, पोटात गुरगुर सुरू झालेली असताना, मी काट्यावर उभा राहिलो. सहा वाजता ८३.९ होते, सव्वासातला ८४.८ झाले. पोट साफ करायला घेतलेले औषध वजन वाढवताना पाहून मी क्षणभर गोंधळलो, पण लिटरभर पाण्याचे वजन एक किलो असते आणि ते जोवर बाहेर पडत नाही तोवर ते माझ्याच वजनात धरले जाणार, यात नवल काहीच नाही. साडेसातनंतर मात्र तीन तास काट्याचा विचार करायला उसंत मिळाली नाही. जवळ मऊ कागद आणि खोबरेल तेलाची बाटली आधीच ठेवावी, हा सल्ला मी कोणालाही बिनदिक्कत देईन.

पहाटेचा लिटर पाचच्या पुढे संपला. तयारी झाली की नाही हे ओळखायची खूण रुग्णालयातील सहायकाने फोनवर अगदी सोप्या शब्दांत सांगितली होती: संडासाच्या भांड्याचा तळ दिसला पाहिजे. सहाच्या सुमारास तो दिसला. त्या वेळी उठून उभा राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बेसिन धरून काही क्षण थांबलो. रक्तदाबाच्या माझ्या दोन गोळ्यांपैकी लघवी वाढवणारी गोळी डॉक्टरांनी त्या सकाळी घेऊ नका असे का बजावले होते, ते तेव्हा कळले. (गोळ्या बंद करायच्या की चालू ठेवायच्या, हे प्रत्येकाचे वेगळे असते, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल तर स्वतःच्या मनाने काही ठरवूच नये.)

आठ वाजता घरून निघताना काट्याने ८१.९ दाखवले. सोमवारच्या मानाने २.३ किलो कमी! सहा महिन्यांत मला चार किलो उतरवता आले होते, आणि येथे तीन दिवसांत त्याच्या निम्म्याहून अधिक गेले होते. रुग्णालयात गुंगीच्या औषधाच्या मात्रेसाठी सिस्टरने वजन विचारले तेव्हा मी उत्साहाने सांगितले, “सोमवारी ८४.२, काल संध्याकाळी ८४.८, आज ८१.९.” त्या म्हणाल्या, “काका, मला एकच आकडा लिहायचाय,” आणि त्यांनी मला सरळ त्यांच्या काट्यावर उभे केले.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण ती मला आठवतच नाही. अहवालात आतड्याच्या स्वच्छतेला नऊपैकी आठ गुण होते. आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात. चार मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, सापडला, तो तिथल्या तिथे काढला. दोन दिवस पोट फुगल्यासारखे वाटले, पण ती हवा होती, आणि हवेला काट्यावर किंमत नाही.

मग ते सव्वादोन किलो कशाचे होते, याचा हिशेब मी घरी बसून मांडला. चरबीचा एक किलो म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. बुधवारचा दिवस आणि गुरुवारची सकाळ मिळून माझ्या पोटात फार तर दीड ते दोन हजार कॅलरी कमी गेल्या असतील. ती सगळी तूट चरबीतूनच भरून निघाली असे उदारपणे धरले तरी चरबी उतरते दोन-अडीचशे ग्रॅम. वास्तवात तेवढीही नाही, कारण उपाशी शरीर आधी यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, ते सुटते. उरलेला मोठा वाटा आतड्यातल्या ऐवजाचा आणि शरीरातून गेलेल्या थोड्या पाण्याचा. आपल्या शाकाहारी जेवणात चोथा बराच असतो आणि अन्नाला आतड्यातून पार व्हायला एक ते तीन दिवस लागतात, तेव्हा किलोच्या आसपासचा ऐवज तिथे कायम मुक्कामाला असणे स्वाभाविक आहे.

मला सर्वांत गंमत वाटली ती त्या पावडरीची. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचे हे द्रावण १९८०मध्ये अमेरिकेत जॉन फॉर्डट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, ते मुळी एवढ्यासाठी की त्यातले पाणी आणि क्षार आतड्यातून रक्तात फारसे जाऊ नयेत आणि रक्तातलेही आतड्यात फारसे येऊ नयेत. म्हणजे माणसाच्या अंगातल्या पाण्याचा तोल ढळू नये, हाच या औषधाचा गुण. आणि आम्ही त्याच्याकडून वजन उतरण्याची अपेक्षा धरून बसलो!

ही अपेक्षा माझ्या एकट्याची नव्हती. लग्नाची तारीख जवळ आलेल्या पुतण्याने आकडे ऐकून लगेच विचारले, “काका, त्या पावडरीचं नाव सांगा ना, महिन्यातून एकदा घेतली तर?” मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, झटपट गेलेले किलोभर वजन म्हणजे बहुतेक वेळा गेलेले लिटरभर पाणी, आणि बेसिन धरून उभे राहावे लागले ते त्यामुळेच. दुसरी, पोट साफ करणारी सगळी औषधे सारखी नसतात. सोडियम फॉस्फेटच्या औषधांनी काही लोकांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला होता. त्याने नाव पुन्हा विचारले नाही, पण मीही सांगितले नाही.

गुरुवारी दुपारी मऊ भात आणि ताक घेतले, दिवसभर मीठ-साखरेचे पाणी प्यायलो. शुक्रवारी सकाळी ८२.८. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही शौचाला झाली नाही, म्हणून मी काळजीत पडलो होतो. डॉक्टर म्हणाले, रिकामे आतडे भरायला वेळ लागणारच. शनिवारी ८३.५, रविवारी ८३.८ आणि सोमवारी, पोट पूर्ववत झाल्यावर, ८३.९. सोमवार ते सोमवार फक्त ३०० ग्रॅम कमी. महिन्याची सरासरी काढताना गुरुवारच्या ८१.९भोवती मी पेन्सिलीने कंस केला आणि तो आकडा बेरजेत धरला नाही.