परसातलं कोर्ट, आणि त्याच्या खालचं सगळं

परसात पिकलबॉल-बॅडमिंटनचं कोर्ट करतोय म्हटल्यावर मंडळातले लोक पहिला प्रश्न रंगाचा विचारायचे. निळं की हिरवं? दुसरा दिव्यांचा. खाली काय घालणार, हे विचारणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे माझे सासरे. अप्पा सांगलीला पीडब्ल्यूडीत ज्युनियर इंजिनिअर होते. तो उन्हाळा ते इकडे नेपरव्हिलला आमच्याकडे होते, आणि रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या हाती एक साइट लागली.

शिकागोच्या पश्चिमेकडच्या या उपनगरांत जमीन बहुतेक चिकणमातीची. पाऊस थांबला तरी परसात चपला रुतत राहतात. हिवाळ्यात मातीत अडकलेलं तेच पाणी गोठून फुगतं आणि वर जे काही बांधलं असेल ते उचलून धरतं. गोठण ४२ इंच खोल जाते असं इथे धरतात, म्हणून खांबाचा पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. अप्पांना कृष्णाकाठची काळी माती आठवली. म्हणाले, "आमच्याकडे उन्हानं भेगाळते, तुमच्याकडे थंडीनं फुगते. पैसे दोन्हीकडे खड्ड्यातच घालायचे."

खड्ड्याच्या आधी कागद. इथली सोसायटी, म्हणजे एचओए, कुंपणाचा रंगसुद्धा विचारून लावायला लावते, कोर्ट तर लांबच. शिवाय परसाच्या मागच्या कडेला इझमेंटची पट्टी असते. जमीन आपली, पण तिथून पाण्याचा निचरा आणि केबली जातात, त्यामुळे तिथे काही पक्कं बांधायचं नाही. मग खणण्याआधी जमिनीखालच्या तारा-नळ्यांच्या खुणा करून घ्यायला ८११ ला फोन. इलिनॉयमध्ये या सेवेचं नाव चक्क 'ज्युली' आहे, त्यामुळे "ज्युलीशी बोललीस का गं?" असं अप्पा रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे. ज्युलीनं कळवल्यावर त्या त्या कंपन्यांची माणसं येऊन फुकटात गवतावर खुणा करून गेली: लाल वीज, पिवळा गॅस, निळं पाणी, नारिंगी केबल. हिरवळीवर जणू कुणी घाईघाईत रांगोळी टाकली होती. गॅसची पिवळी रेघ कोर्टाच्या कोपऱ्याला चाटून जात होती, म्हणून सगळा आराखडा घराच्या बाजूला सरकवला.

आकार ३० बाय ६०. पिकलबॉलचं कोर्ट २० बाय ४४ फूट, बॅडमिंटनच्या दुहेरीचंही नेमकं तेवढंच, आणि भोवती पळायला मोकळी जागा. हा योगायोग नाही. १९६५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरी एक जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं. खेळायचं सामान सापडेना, म्हणून त्यांनी आणि मित्रांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेतला, आणि त्यातूनच पिकलबॉल निघाला. नेटही आधी बॅडमिंटनच्या उंचीचंच होतं, नंतर ते ३६ इंचांवर उतरवलं. आणि बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात इंग्रजांनी पुण्यात बसवले, खेळाला 'पूना' म्हणत. हे ऐकल्यावर माझ्या पुणेकर नवऱ्याचा चेहरा जो काही झाला, त्याचं वर्णन मी करणार नाही.

माती काढली, दुरमुस झालं, खडी पसरून दाबली. काँक्रीटचा हिशोब अप्पांनी बिलाच्या पाकिटामागे केला: ३० गुणिले ६०, जाडी ४ इंच, म्हणजे ६०० घनफूट, म्हणजे साधारण २२ घनयार्ड. एका ट्रकमध्ये दहाच्या आसपास, म्हणजे दोनात भागत नाही, तिसरा लागणार. कंत्राटदाराच्या कागदावरही तेच होतं. त्या दिवसापासून अप्पांनी त्याला नावानं हाक मारायला सुरुवात केली.

ट्रक मागे येणार नाही, ड्राइव्हवे दबेल, म्हणून पंप लावला आणि घराच्या बाजूनं जाडजूड पाइप आत आला. मिक्स घट्ट वाटतंय म्हणून एका पोऱ्यानं पाण्याच्या नळीकडे हात नेला, तर अप्पा खुर्चीतून उठलेच. "नो वॉटर! स्ट्रेंथ गोज!" मुकादम मेक्सिकन. दोघांचंही इंग्रजी बेताचं. पण त्यानं अप्पांकडे बघून मान डोलावली आणि पोऱ्याला स्पॅनिशमध्ये काहीतरी सुनावलं. नंतर दोघं शेजारी शेजारी उभे राहून काँक्रीट सपाट करायची पट्टी कशी ओढली जातेय ते बघत होते. उतार दर दहा फुटांना एक इंच, एका लांब बाजूकडून दुसरीकडे. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला कळतो.

दुसऱ्या दिवशी करवतीनं दर दहा फुटांवर इंचभर खोल चिरा मारल्या. नव्याकोऱ्या स्लॅबवर करवत चाललेली बघून माझ्या पोटात गोळा आला, पण तडा जायचाच तर तो त्या चिरेत जावा, म्हणून हे करतात. क्युरिंगवरून, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देण्यावरून, मात्र जुंपली. अप्पांना गोणपाट आणि पाणी साठवायला वाळूची आळी हवी होती. इकडे पांढरं औषध फवारून निघून जातात, त्याचा पापुद्रा आतलं पाणी धरून ठेवतो. "पापुद्रा!" अप्पा म्हणाले, आणि पहाटे उठून बागेची नळी घेऊन स्लॅबवर पाणी मारू लागले. त्याचा क्युरिंगला उपयोग किती झाला, देव जाणे. पण सगळं पाणी वाहून गेल्यावर एका कोपऱ्यात ताटाएवढं डबकं तसंच राहिलं. अप्पांनी खिशातलं पाच सेंटचं नाणं त्यात टाकलं. नाणं बुडालं. इथे या खळग्यांना 'बर्डबाथ' म्हणतात आणि तपासायची रीतही हीच, नाण्याची. कंत्राटदार आधी "टाइल्सखाली दिसणार नाही" म्हणत होता. नाण्याचा फोटो पाठवल्यावर दोन दिवसांत आला आणि भरून गेला.

त्यावरचं सगळं सोपं. फुटाफुटाच्या जाळीदार प्लास्टिकच्या टाइल्स, खटाखट एकात एक बसतात. मुलांनीच अर्ध्या बसवल्या. निळ्या घेतल्या, विचारणाऱ्यांचं समाधान.

रेघांनी मात्र डोकं खाल्लं. बॅडमिंटनची सर्व्हिसची रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर, पिकलबॉलच्या 'किचन'ची, म्हणजे नेटलगतच्या पट्ट्याची, सात फुटांवर. सहा इंचांच्या अंतरानं दोन रेघा, दोन रंग, आणि प्रत्येक सर्व्हिसला वाद. एका टोकाला बास्केटबॉलचा खांब आहे. शाळेची थ्री-पॉइंटची, म्हणजे जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात ती रेघ पावणेवीस फुटांवर असते आणि कोर्ट तीसच फूट रुंद, त्यामुळे ती कमान दोन्हीकडून गवतात जाते. "आपल्याकडे कॉर्नर थ्रीच नाही," ही लेकाची तक्रार अजून चालू आहे. त्याला म्हटलं, ज्युलीला विचार.

बॅडमिंटन आम्ही संध्याकाळी वारा पडला की खेळतो, तेही नायलॉनच्या फुलानं. पिकलबॉलचा टकटक आवाज फार लांब जातो, म्हणून शेजाऱ्यांशी आधीच बोलून रात्री आठनंतर बॅट ठेवायची असं ठरवलंय. त्यामुळे दिवे घेतलेच नाहीत, ते पैसे खडीत गेले. बर्फ काढायला प्लास्टिकचं फावडं वापरा. लोखंडी फावडं जाळीत अडकतं आणि टाइलची कड उडते.