‘छोटी सी बात’च्या जागा: अलिबागकरांची नोंद, टप्पा ३

‘छोटी सी बात’ सिनेमातली एकेक चौकट (पडद्यावरचं दृश्य) घेऊन मुंबईतली तीच जागा शोधायची आणि तिथूनच आजचा फोटो काढायचा, असं हे चौकटी जुळवायचं काम. ते सध्या काळा घोड्यापाशी आहे. सिनेमा १९७६चा, म्हणजे त्या वेळी चौकात घोडाच नव्हता. ब्रिटिश राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५मध्येच हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. सध्याचा बिनस्वाराचा घोडा २०१७चा. नव्या फोटोत तो मध्ये आला म्हणून जागा चुकली, असं धरू नका.

सामोवार हे उपाहारगृह मात्र सोडून दिलंय. जहांगीर कलादालनातली म्युझियमच्या बागेला लागून असलेली ती लांबट, बोळासारखी जागा २०१५मध्ये बंद झाली. अशा ठिकाणी ‘जागा पक्की, चौकट नाही’ एवढाच शेरा. ओढूनताणून जुळवलेल्या फोटोने पुढचा माणूस फसतो.

सिनेमातले बसथांबे सगळ्यात किचकट. थांबा सरकतो, पाट्या बदलतात, तळमजल्याला काचा लागतात. त्यामुळे पहिल्या मजल्याच्या वरच बघायचं: खिडक्या किती, कठड्याची नक्षी कोणती, कोपरा गोल की काटकोनात. पाटीवरचा पत्ता वाचता आला तर सोनंच. ‘बॉम्बे १८’ म्हणजे आजचं ४०० ०१८, वरळी. जुना विभाग क्रमांक पिनकोडच्या शेपटीला तसाच राहिलाय. हातातली प्रत रुंद पडद्यासाठी वर-खाली कापलेली असेल तर नेमके हेच मजले गायब असतात. चौकोनी प्रत शोधा.

इमारत मिळाली तरी बहुतेक जण उभं राहण्यात चुकतात. आधी अंतर, मग झूम. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची (लेन्सचा हा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ दिसतं). सिनेमाच्या ३५ मिमी रुंद फिल्मच्या कॅमेऱ्यावरची ५० मिमी लेन्स फोनच्या हिशेबात ७०-७५ मिमीच्या आसपास जाते, म्हणजे जवळपास ३ पट झूम. झूम न करता चौकट भरायला पुढे सरकलात की जवळचा खांब फुगतो आणि मागची इमारत लहान होते. जवळची एक वस्तू आणि लांबची एक कड धरा, दोन्हींतली फट जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. सरावाला अलिबागचा किनारा उत्तम: सुरूच्या खोडाआड कुलाबा किल्ल्याचा बुरूज अर्धा झाका. दोन पावलं सरकलं की आख्खा बुरूज बाहेर.

कॅमेऱ्याची उंचीही चौकटच सांगते. तिरप्या दिसणाऱ्या इमारतीत वरचे छज्जे लांब जाताना खाली उतरतात, पदपथाची कड वर चढते. मधली जी रेघ सपाट, तीच उंची.

सावलीवरून ऋतू निघतो. मुंबईत डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य दक्षिणेला ४७-४८ अंशांवरच असतो, म्हणून माणसाची सावली जवळपास त्याच्याएवढी पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला, आणि जेमतेम पायाशी. बाकी मेमध्ये दुपारी तिथे उभं राहायची हौस कुणाला!

मांडव्याहून गेटवेची लाँच घेतली तर काळा घोडा पायी १०-१२ मिनिटं. पावसाळ्यात ती बंद, मग रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) भाऊचा धक्का. वातानुकूलित डेकवरून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका, लेन्सवर वाफ धरते. १५-२० मिनिटं पिशवीतच राहू द्या. खारे शिंतोडे उडाले असतील तर कोरडं पुसायचं नाही, मिठाचे कण काच ओरखडतात. आधी फुंकणीने उडवा, मग ओलसर कापड.