पुट्टी कुठली भरू विचारायला बोलावलं होतं

मे महिना, परभणीचं ऊन, आणि काकांचा फोन की पोरीचं लग्न आहे, पेंटर उद्यापासून येतोय, भिंतीत एक चीर आहे तेवढी बघून जा आणि कुठली पुट्टी भरायची ते सांगा. म्हटलं अर्ध्या तासाचं काम. अख्खा दिवस गेला.

घर १९७८ च्या आसपासचं, विटांच्या भिंतींवर स्लॅब, कॉलम नाहीत, खाली काळी माती. चीर मागच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली, खाली दोऱ्याएवढी आणि स्लॅबजवळ करंगळी जाईल एवढी. नुसत्या प्लास्टरची चीर अशी वर रुंद होत जात नाही, तेव्हाच शंका आली की कोपरा बसतोय. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं तर आत जुनं सिमेंट, त्याला चिकटून पिवळा रंग, मग निळा. म्हणजे तीनदा बुजवली आणि तीनदा उघडली. काका म्हणाले, "हो, दर रंगाला भरतोच की."

मागनं काकू, "साहेब, मोरीचं दार पण बघा, दोन वर्षं कडीच लागत नाही." पावसाळ्यात लाकूड फुगतं हे ठीक, पण हे भर मे मध्ये अडत होतं, फरशीवर ओरखड्याची कमान उठलेली. लेव्हल ट्यूब लावली, साधी पाण्याची नळी हो, तर जोतं त्या कोपऱ्यात चार सेंटीमीटर खाली.

बाहेर आठेक फुटांवर कडुनिंब. मी लगेच हुशारी पाजळली की काळी माती वाळली की आकसते, मुळं पाणी ओढतायत, म्हणून कोपरा बसला. काका झाड तोडणाऱ्याला फोन लावायला निघाले पण म्हटलं थांबा, आधी खड्डा घेऊ.

अंगणात भेगा अशा की फूटपट्टी निम्मी आत जावी, आणि पायाशेजारी खड्डा घेतला तर तीन फूट खोलीवर माती ओली, लाडू वळावेत इतकी! दगडी पाया तिथंच संपलेला, टणक मुरूम अजून दोन फूट खाली, आणि मोरीचा जुना मातीचा पाईप जोडावर निखळलेला. किती वर्षं पाणी मुरून माती मऊ होत होती देव जाणे. झाडाचं निदान साफ चुकलं, काकांसमोर कबूल करताना जीभ जड झाली.

पेंटर परत पाठवला तेव्हा काका चिडलेच, "लग्नघर आहे हो!" पाईप बदलून घेतला, त्या खोलीत पाहुणे झोपवू नका सांगितलं, आणि चिरेवर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून तारीख टाकली, भिंत हलली की काच तडकते. लग्नात काकूंनी त्यावर झेंडूच्या माळा सोडल्या.

ऑगस्टात वरची काच तडकली. मग दिवाळीनंतर त्या कोपऱ्याचा पाया मुरुमापर्यंत खाली नेला, मीटर-मीटरचे तुकडे पाडून, एक सोडून एक, कारण सलग खोदलं असतं तर भिंतच अंगावर आली असती. नंतर लावलेल्या काचा अजून शाबूत आहेत, काकू दर शुक्रवारी पुसतात म्हणे. पेंटर मात्र फोन उचलत नाही.