आईच्या ताटाची नोंद: पेज, पिठी आणि पहिला घास

आईचं वजन पुन्हा ४५ किलोवर आलंय, त्यामुळे यावेळची नोंद लिहायला हुरूप आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आई ८१ वर्षांची, मालवणजवळच्या खेड्यातली, आता डोंबिवलीत आमच्याकडे असते. रांधायची आवड मला पहिल्यापासून. पण उन्हाळ्यात तिचं जेवण दोन घासांवर आलं आणि तेव्हापासून माझा सगळा स्वयंपाक एकाच गोष्टीभोवती फिरतोय. ज्याला जेवायची वासनाच नाही, त्याच्या पुढ्यात काय ठेवायचं?

पाककृतींकडे वळण्याआधी एक गोष्ट. वयस्कर माणसाचं जेवण अचानक तुटलं, वजन उतरायला लागलं, तर आधी डॉक्टर, मग कढई. आमच्याकडे तीन कारणं निघाली. कवळी सैल झाली होती, पोट साफ होत नव्हतं आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने तोंडाला धातूसारखी चव येत होती. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण डॉक्टरांच्या कानावर हे घालायलाच हवं. कवळी नीट बसवून घेतली आणि पुढचे सगळे प्रयोग शक्य झाले. हिरडी दुखत असेल तर जगातलं उत्तम थालीपीठही ताटात तसंच राहतं.

जून: पेजेची वेळ

१ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. बाजारात ताजा मासा जवळजवळ नाहीच, म्हणून मी उकड्या तांदळाच्या पेजेकडे वळलो. एक वाटी लाल उकडा तांदूळ आणि आठ-नऊ वाट्या पाणी. नुसत्या कुकरमध्ये केली तर शितं खाली बसतात आणि वर पाणी राहतं, पेजेचा तो दाटसर गुळगुळीतपणा येत नाही. मी आता कुकरमध्ये तांदूळ मऊ करून घेतो, मग पातेल्यात काढून उकळतं पाणी घालतो आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहतो. शीत बोटाने सहज चिरडलं पाहिजे. मीठ शेवटी.

खरी गंमत वेळेची निघाली. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एकला जेवण, असा आमचा शहरी क्रम. एकला तिच्यापुढे ताट आलं की उत्तर ठरलेलं, ‘माका नको.’ पण गावी पेज व्हायची सकाळी दहा-साडेदहाला, सगळे शेतातून यायचे तेव्हा. त्या वेळेला वाटी पुढे केली तर तिने न बोलता ओढून घेतली आणि वर म्हणाली, ‘वायच आणि घाल.’ तेव्हापासून तिचं मुख्य जेवण साडेदहाला. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची भूक सकाळी चांगली असते आणि दिवस कलला की मंदावते. असं असूनही आपण सगळं पोषण रात्रीच्या ताटात का कोंबतो, कळत नाही. तुमच्या घरी असं कुणी असेल तर पदार्थ बदलण्याआधी वेळ बदलून पाहा.

पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, नखाएवढा तुकडा. सुक्या माशात मीठ भरपूर असतं, रक्तदाबवाल्यांनी जपून. मी बांगडा आधी कोमट पाण्यात भिजवतो, ते पाणी टाकतो आणि मग निखाऱ्याऐवजी थेट गॅसच्या आचेवर जाळी ठेवून भाजतो. तो तुकडा पोट भरायला नसतो. तो जिभेवर ठेवला की तोंडाला पाणी सुटतं आणि मागून तीन-चार घास पेज जाते.

इथेच माझं सगळं गणित फिरलं. न जेवणाऱ्या माणसाशी वाटीभर भाजीवर झगडायचं नसतं. झगडा असतो पहिल्या घासाचा. तो आवडीने गेला की पुढचे आपोआप जातात, आणि तो अडला की ताट सरकवलंच. म्हणून आता मी ताट कसं भरेल हे बघत नाही, पहिला घास कसा असेल ते ठरवतो. तो आंबट, वासाचा आणि मऊ असला पाहिजे, आणि इतका लहान की नको म्हणायला कारण उरू नये.

जुलै: पिठी आणि टेबलावरची फोडणी

वय वाढतं तशी जिभेची चव कमी होतेच, पण त्याहून जास्त कमी होतो वास. आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो, सर्दीत जेवण मातीसारखं लागतं ते याच कारणाने. म्हणजे मीठ-तिखट वाढवण्यापेक्षा वास वाढवणं शहाणपणाचं.

कुळथाची पिठी त्यासाठी फार चांगली. दोन मोठे चमचे कुळथाचं पीठ आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचं. दोन-अडीच वाट्या पाण्यात हळद, मीठ आणि तीन आमसुलं उकळायला ठेवायची, त्यात कालवलेलं पीठ सोडायचं आणि सात-आठ मिनिटं शिजू द्यायचं. नेहमीपेक्षा पातळच ठेवा, भातावर ओतली की वाहिली पाहिजे. तोंडात लाळ कमी सुटते त्यांना दाट पिठलं गिळताना त्रास होतो.

फोडणी मात्र मी स्वयंपाकघरात देत नाही. मऊ भात आणि पिठी टेबलावर जाते, आई बसते, आणि मग लोखंडी पळीत खोबरेल तेल, मोहरी, हिंग, पाच-सहा ठेचलेल्या लसूणपाकळ्या, एक सुकी मिरची. लसूण बदामी झाली की चुर्र करून तिच्या समोरच्या वाडग्यात. वाफ सरळ तिच्या चेहऱ्यावर जाते. ती मान खाली घालून वाडग्यात बघते, हात आपसूक भाताकडे जातो. मोबाईल ठेवून एकदा बघा हे.

याची दुसरी बाजूही आहे. तासन्‌तास घरात तळणाचा आणि शिजण्याचा वास भरून राहिला तर भूक मरते, रांधणाऱ्याचीही मरते. म्हणून मी सकाळी लवकर सगळं उरकतो, खिडक्या उघडतो, एक्झॉस्ट चालू ठेवतो. वास येऊ द्यायचा तो फक्त पानावर बसल्यावर.

जेवणाआधी दहा मिनिटं अर्धी वाटी फुटी कढी. आमसुलं कोमट पाण्यात कुस्करायची, त्यात मिरची-लसूण ठेचून, कोथिंबीर, चिमूटभर साखर. नारळाचं दूध नाही, त्याने पोट भरतं. आगळाने (आमसुलाच्या खारवलेल्या दाट रसाने) रंग सुरेख येतो, पण त्यात मीठ फार, म्हणून आमसुलंच बरी. आंबटाने लाळ सुटते, आणि कोरड्या तोंडाला तीच तर हवी असते. अर्ध्या वाटीच्या वर मात्र नाही. जेवणाआधी पाणी किंवा चहा पोटभर गेला की जेवण गेलं.

श्रावण: शिरवाळे

श्रावण लागला आणि आईचे मासे बंद झाले ते गणपती होईपर्यंत. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या केल्या. पानाच्या वाफेचा वास आला तशी ती स्वतःहून उठून ओट्यापाशी आली. पण या महिन्याचा मानकरी पदार्थ म्हणजे शिरवाळे.

दोन वाट्या तांदळाचं पीठ, दोन वाट्या पाणी, मीठ, चमचाभर तेल. नेहमीसारखी उकड काढायची, मळायची, लांबट मुटके करायचे. ते उकळत्या पाण्यात सोडायचे. दहा-बारा मिनिटांत वर तरंगतात. मग एकेक मुटका काढून गरम असतानाच शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून दाबायचा. लाकडी शेवगा गावी राहिला, मी चकलीच्या पितळी सोऱ्यात बारीक शेवेची चकती घालून काम भागवलं. मुटका हाताला भाजतो म्हणून मी तो जरा निवायला ठेवला, तर मागून आवाज: ‘गोळो गरम हा तवसरच घाल, निवलो काय मगे जमाचा नाय!’ खरंच, निवलेल्या पिठाला सोऱ्या फिरत नाही. मग ती खुर्ची ओढून बसली, मी दाबायचो आणि ती खाली ताट फिरवत राहायची, म्हणजे शेवया एकावर एक न पडता गोल पसरतात.

रसासाठी एका नारळाचं दाट दूध, पाऊण वाटी किसलेला गूळ, वेलची, मिठाची कणी. हा रस उकळायचा नाही, फुटतो. (आईला मधुमेह आहे म्हणून तिच्या वाटीत गूळ बेताचाच.) शेवया गिळायला मऊ आणि नारळाच्या दुधाने थोडक्यात भरपूर उष्मांक. ज्याच्या हातात काम आलं त्याला भूकही लागते, हे मला पदार्थापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आता रोज तिच्याकडे काहीतरी असतंच. लसूण सोलणं, आमसुलं निवडणं, मिठाची चव बघणं. चव बघताना दोन चमचे पोटात जातात, ते वेगळंच.

गणपतीनंतर: तिरफळ

ताजे मासे परत आले. काट्यांची भीती असेल तर बोंबील घ्या. मांस लुसलुशीत, पाच-सात मिनिटांत शिजतात. हळद, आमसूल, ठेचलेली लसूण, थोडं तिखट, वरून खोबरेल तेल, पाणी अजिबात नाही, त्यांचं स्वतःचंच भरपूर सुटतं. मधला काटा अलगद निघतो, तरी वाढताना मी तो काढूनच टाकतो.

शोध लागला तो बांगड्याच्या आमटीत. मी सुकं तिरफळ (कोकणात माशाच्या आमटीत घालतात ते मसाल्याचं फळ), बिया काढून आणि जरा ठेचून, शेवटच्या उकळीला टाकलं. तिरफळ चावून खायचं नसतं, आमटीत त्याचा अर्क उतरतो आणि जिभेवर किंचित झिणझिण्या येतात. ही झिणझिण, मिरचीचा ठसका, आल्याची ऊब, या जाणिवा चवीच्या मज्जातंतूंतून जात नाहीत, त्यांचा रस्ता वेगळा. म्हणजे चव मंदावली तरी हे दार उघडं राहू शकतं. त्या दिवशी आईने भात परत मागून घेतला. तेव्हापासून आलं, सुंठ, मिरी आणि तिरफळ यांना माझ्या डब्यात पुढची जागा आहे. मिरची मात्र वाढवली नाही, तिला आम्लपित्त आहे.

थोडा हिशोब

वयस्करांना रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच). आईसाठी ४५ ते ५४ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ च्या आसपास. दोन घासांवरच्या माणसाला हे जमवणं अवघड, म्हणून प्रत्येक घास जड करावा लागतो. मऊ भात शिजवतानाच त्यात मुगाची डाळ, पेजेवर चमचाभर तूप (४५ उष्मांक), कोशिंबिरीत दाण्याचं बारीक कूट, खिरीत दुधाची पावडर. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, लहान वाटीतून. भरलेलं ताट बघूनच तिचं पोट भरायचं.

बाजारी पावडरी आणि पाकिटातली सूप यांचा आमच्याकडे काही उपयोग झाला नाही. एका घोटानंतर पेला तसाच राहायचा.

माझा चार वर्षांचा मुलगाही जेवायला कुरकुर करतो. त्याच्या बाबतीत मी एकच करतो: नवा पदार्थ रोज चिमूटभर पानात ठेवतो आणि आग्रह करत नाही. लहान मुलांना अनोळखी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आजी खाते ते बघून तो पिठी चाटायला लागलाय.

पुढच्या नोंदीत आंबील आणि ज्वारीच्या कण्या. कण्या आमच्याकडच्या नाहीत, म्हणून सोलापूर-लातूरकडच्या मंडळींना विचारतो: ताकात शिजवता की पाण्यात शिजवून वरून ताक? आणि भिजवून शिजवल्या तर म्हाताऱ्या दातांना पुरेशा मऊ होतात का?