योग्यकार्तातली सकाळ

इंडोनेशियातल्या या शहरात आज सकाळी साडेसहाला गल्लीत बारीक हाक ऐकू आली, "जामूऽऽ!" जामू म्हणजे इथलं पारंपरिक औषधी पेय. चप्पल घालून तशीच बाहेर आले. पन्नाशीच्या बाई, पाठीवर वेताची टोपली, ती कापडी पट्ट्यानं खांद्यावरून बांधलेली. टोपलीत बाटल्या, हातात पेले धुवायच्या पाण्याची बादली. पाठीवर वाहून आणतात म्हणून हे 'जामू गेंडोंग'.

त्यांनी आधी पिवळाधमक 'कुन्यित आसाम' ओतला. कुन्यित म्हणजे हळद, आसाम म्हणजे चिंच, गोडीला माडाचा गूळ. पहिल्या घोटालाच आजीच्या चिंचगुळाची आठवण आली आणि डोळे भरून आले. मग एक कडूजहर काढा, तोंड वाकडं झालं माझं! त्यावर लगेच त्यांनी 'बेरास केंचुर' पुढे केला. भिजवलेले तांदूळ आणि आल्याच्या जातीचा एक सुवासिक कंद वाटून केलेलं हे गोडसर पेय. कडूनंतर गोड द्यायचंच, ही इथली रीत. माझा चेहरा बघून त्या काय हसल्या, आईसारख्या!

२०२३ साली युनेस्कोनं जामूची परंपरा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. फार छान झालं. पण हा वारसा टिकलाय तो पहाटे उठून पाट्यावर हळद वाटणाऱ्या अशा बायकांमुळे, हे मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी तुगू स्टेशनजवळ 'कोपी जोस' प्यायले. कॉफीच्या पेल्यात चक्क रसरशीत निखारा टाकतात, चर्रर्र आवाज येतो. मजा आली. पण बोटांना अजून सकाळच्या हळदीचा वास आहे, आणि उद्याही साडेसहाला मी दारातच उभी असणार.